बेहेऱ्यांचा लाइनमन

मुलगा नापास झाला तर कऱ्हाडला फोन करून सांगता येतं. पेपर कठीण होता, सर मध्येच सोडून गेले, इथली हवा मानवत नाही, अशी कारणं तयार असतात आणि पलीकडून ‘होतं असं’ म्हणणारं कोणीतरी असतं. पण मुलगा ‘ऑफेन्सिव्ह लाइनमन’ झाला आहे हे वडिलांना कोणत्या तोंडाने सांगायचं, याची सोय बेहेरे घराण्यात आजवर कोणी करून ठेवली नव्हती. त्यातून शैलेंद्र बेहेरेंचे वडील, म्हणजे अण्णा, वीज मंडळातून ज्युनिअर इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले.

“लाइनमन?” अण्णा म्हणाले. “खांबावर चढतो?”

“नाही हो अण्णा. खेळात. अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमन म्हणून एक पोझिशन असते.”

“आणि ऑफेन्सिव्ह?”

“ते म्हणजे... तसं काही नाही. बाजूचं नाव आहे ते.”

“माझ्या हाताखाली तसे तिघं होते,” अण्णा म्हणाले. “एकाला मी सस्पेंड केला. तोही चांगल्या घरातलाच होता.”

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. शैलेंद्र दुबईत एका कंत्राटी कंपनीत एस्टिमेशन इंजिनिअर होता, बर दुबईत मीना बझारच्या मागच्या गल्लीत एक बेडरूम आणि हॉल एवढ्या जागेत बायको अनुपमा आणि मुलगा तन्मय यांच्यासह राहत होता, आणि कोणाच्या अध्यातमध्यात नव्हता. असा माणूस अमेरिकन फुटबॉलमध्ये कसा सापडला, हे समजायला फार मागे जायला नको. कंपनीच्या पिकनिकला साहेबांची जीप वाळूत रुतली. सगळे कर्मचारी भोवती उभे राहून सूचना करत असताना नववीतल्या तन्मयने मागे जाऊन खांदा लावला आणि जीप बाहेर काढली. साहेब म्हणजे मिस्टर डॉसन, मूळचे टेक्सासचे. त्यांनी तन्मयला खालून वर आणि डावीकडून उजवीकडे पाहिलं. दोन्ही दिशांना पाहायला बराच वेळ लागायचा. मग ते म्हणाले, “सन, यू आर अ लाइनमन.”

डॉसनसाहेब शुक्रवारी मुलांची एक टीम चालवत. त्यांना मुलगा हवा होता आणि शैलेंद्रने तो दिला. ज्याच्या कंपनीच्या व्हिसावर आपण राहतो त्याने मुलगा मागितला तर विचार करतो असं म्हणायची पद्धत नाही.

अनुपमाने तेवढ्यात बुटांची किंमत विचारून घेतली, दिरहमचे रुपये केले आणि म्हणाली, “एवढ्या पैशांत माझ्या भावाने स्कूटर घेतली होती.” स्कूटर फार जुनी असणार, पण तो मुद्दा शैलेंद्रने काढला नाही.

आता हा खेळ. नाव फुटबॉल, पण पाय लावायचा प्रसंग क्वचित. बॉल अंड्याच्या आकाराचा. मागे एक मुलगा उभा असतो, त्याच्या हातात बॉल येतो, आणि समोरची अकरा मुलं त्याला आडवं करायला धावतात. त्याच्यापुढे पाच दांडगी मुलं रांगेत वाकून उभी असतात. हे लाइनमन. येणाऱ्याला अडवायचं एवढंच त्यांचं काम. बॉल मिळत नाही, पळायचं नाही, गुण त्यांच्या नावावर लागत नाहीत. शैलेंद्रला ही कामाची पद्धत ऐकल्याऐकल्या ओळखीची वाटली, पण कुठे पाहिली आहे ते लगेच आठवलं नाही आणि पुढे त्याने आठवायचा प्रयत्नही सोडून दिला.

पंचाईत अशी की तन्मयला तेवढंही जमेना. प्रत्येक वेळी समोरचा मुलगा त्याच्या अंगाला न लागता सरळ आत जाई आणि मागच्या मुलाला उताणं पाडी. हा मागचा मुलगा म्हणजे डॉसनसाहेबांचा चिरंजीव. त्याचं नाव कोडी. नाव तसं असलं तरी मुलगा सरळ होता. पडायचा, उठायचा, गवत थुंकायचा आणि तन्मयला “इट्स ओके, बिग मॅन” म्हणायचा. शुक्रवारी हे झालं की शनिवारी सकाळी लिफ्टमध्ये शैलेंद्र आणि डॉसनसाहेब एकत्र येत.

“हाऊ इज कोडी, सर?”

“ओह, फाइन, शे. जस्ट द शोल्डर.” शैलेंद्र या नावातलं साहेबांना तेवढंच पेलायचं.

पुढच्या शनिवारी गुडघा. त्याच्या पुढच्या शनिवारी नाक. साहेब एका शब्दाने बोलत नसत आणि त्यानेच शैलेंद्रला जास्त त्रास व्हायचा. पगारवाढीचे दिवस होते. ज्याच्याकडून टेंडर लिहून घ्यायचं त्याच्याच मुलाने साहेबांच्या एकुलत्या एका मुलाला हप्त्याहप्त्याने मोडून ठेवायचं, हे कोणत्याही कंपनीच्या नियमावलीत बसणारं नव्हतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये रामचंद्र नाडकर्णी राहत. बँकेत होते आणि क्रिकेटवर त्यांचा अधिकार होता. क्रिकेट नसलेल्या गोष्टींवरही ते तो वापरत. शैलेंद्रने मॅचचं व्हिडिओ शूटिंग केलं होतं, अण्णांना पाठवायला. ती कॅसेट नाडकर्ण्यांनी चहा घेत शेवटपर्यंत पाहिली.

“तन्मय कुठाय?” ते म्हणाले.

“हा काय. निळ्यातला. वाकलेला.”

“आणि बॉल?”

“बॉल मागे.”

“म्हणजे मुलगा दिसतो तेव्हा बॉल नाही आणि बॉल दिसतो तेव्हा मुलगा नाही.” नाडकर्ण्यांनी कप खाली ठेवला. “शैलेंद्र, सरळ सांगतो. ओपनर चालत नसेल तर त्याला खाली पाठवतात. पोझिशन चेंज करा. ह्याला बॉल द्या. एवढं वजन पळत सुटलं तर थांबवणार कोण?”

वरच्या मजल्यावरच्या खैरुन्निसाबी मूळच्या हैदराबादच्या. त्यांनी कॅसेट पाहिली नव्हती, पण भांड्यात हलीम घेऊन त्या आल्या त्या मत घेऊनच. “बच्चे कू गेंद तो देओ, भाईसाब. खाली ढकलाढकली कराते क्या उससे? कमजोरी है उसकू.” तन्मयला कमजोरी आहे असं मानणारी ती पृथ्वीतलावरची एकमेव व्यक्ती होती आणि तिचं हलीम तन्मय बऱ्याच वर्षांपासून त्या गैरसमजावर खात होता.

“पोझिशन बदलणं बरं,” अनुपमाही म्हणाली. “किंवा खेळच बदलणं. कॅरम आहे.”

अण्णांचा फोन आला तो याच विषयावर. “मी लोकांना सांगितलंय तो फुटबॉल खेळतो म्हणून,” ते म्हणाले. “हुद्दा सांगितलेला नाही. तू आधी तो हुद्दा बदलून घे. आपली काही पोझिशन आहे गावात.”

अशा रीतीने चारी बाजूंनी एकमत झालं. एवढं एकमत शैलेंद्रच्या लग्नाच्या वेळीही झालं नव्हतं.

रविवारी तो साहेबांच्या सेक्रेटरीकडे गेला. ही हेमा कामत, कारवारची, अतिशय हुशार मुलगी. सगळा घोटाळा त्या हुशारीनेच केला. टेबलाभोवती दोनतीन लोक उभे होते. त्यांच्यादेखत ‘माझ्या मुलाला बॉल मिळत नाही’ असं म्हणायला शैलेंद्रची जीभ रेटेना.

“साहेबांना भेटायचंय,” तो हळू आवाजात म्हणाला.

“सर लीव्हवर आहेत, टेक्सासला. सब्जेक्ट काय लिहू?”

“पोझिशन चेंज. जरा पर्सनल आहे. डेलिकेट आहे.”

हेमाने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. “समजलं सर,” ती म्हणाली, आणि साहेब येईपर्यंत बिचाऱ्याला ताटकळत कशाला ठेवायचं म्हणून तिने विषय ॲडमिनकडे पाठवून दिला.

ॲडमिनला त्या सुमारास रुवैसच्या रिफायनरीच्या कामावर पाठवायला इंजिनिअर हवा होता. रुवैस म्हणजे अबू धाबीच्याही पुष्कळ पलीकडे, जिथे रस्त्याच्या एका बाजूला वाळू आणि दुसऱ्या बाजूला धूर सोडणाऱ्या चिमण्या, आणि फॅमिलीला जागा नाही. विचारलेल्या प्रत्येकाच्या सासूची तब्येत त्याच आठवड्यात बिघडली होती. अशा वेळी स्वतःहून पोझिशन बदलून मागणारा माणूस ॲडमिनच्या इजिप्शियन मॅनेजरला ईदच्या चंद्रासारखा दिसला. त्याने शैलेंद्रला बोलावलं, खुर्ची दिली, खजूर दिला आणि अभिनंदन करत हात हातात घेतला.

“मबरूक, हबीबी. रुवैस. साइट इंजिनिअर. बॅचलर रूम, बट व्हेरी गुड एसी.”

शैलेंद्रने खजुराची बी खिशात टाकली. मग त्याने खुलासा केला. तो असा झाला:

“सर, पोझिशन चेंज इज फॉर माय सन.”

“युअर सन वर्क्स हिअर?”

“नो सर.”

“देन हाऊ आय कॅन चेंज हिज पोझिशन?”

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने पुन्हा खजूर पुढे केला. “खलास, इट इज साइन्ड,” तो म्हणाला. “मिस्टर डॉसन कम, ही कॅन्सल, इन्शाल्ला.”

साहेब यायला अजून बरेच दिवस होते. तेवढ्या दिवसांत ऑफिसने शैलेंद्रला निरोप द्यायचा तेवढा देऊन घेतला. लोक त्याच्या टेबलाशी येऊन उसासे टाकत आणि जाताना त्याच्या चांगल्या खुर्चीकडे बघत. एकाने तर तीत बसून पाहिलं. घरी अनुपमाने रुवैसमध्ये पोळीचं पीठ मिळतं का याची चौकशी केली आणि मग आपण ही चौकशी का करतो आहोत म्हणून ती रडली. नाडकर्णी दारात उभं राहून म्हणाले, “अरे, मी पोराला खाली पाठव म्हटलं होतं. तू स्वतः कुठे निघालास?” साहेबांच्या जागी दुसऱ्या एका मुलाचे वडील टीम बघत होते, तन्मय दर शुक्रवारी जात होता, कोडी दर शुक्रवारी पडत होता, आणि बाप मैदानाच्या कडेला टोपी घालून उभा राहून विचार करत होता की आपण या देशात पाइपांची मोजमापं करायला आलो होतो.

डॉसनसाहेब परत आले, सगळं ऐकलं आणि इतके हसले की हेमा पाणी घेऊन आत धावली. रुवैस रद्द झालं. मग साहेब गंभीर झाले.

“बट यू वॉण्ट हिम टू कॅरी द बॉल,” ते म्हणाले.

“इफ पॉसिबल, सर.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. पोरात ताकद आहे, पाय चांगले आहेत, शिकवलेलं सगळं कळतं, असं त्यांनी सांगितलं. पण नेमका खेळ सुरू व्हायच्या क्षणी तो असायला हवा तिथे नसतो. का, ते कळत नाही. “मेबी यू आर राइट, शे,” ते शेवटी म्हणाले. अबू धाबीच्या टीमबरोबर शुक्रवारी मॅच होती. त्या मॅचमध्ये तन्मयला बॉल घेऊन पळायची जागा मिळेल, असं ठरलं.

शैलेंद्र घरी आला तो मुलीचं लग्न ठरवून आलेल्या बापासारखा. अनुपमाने शिरा केला. नाडकर्ण्यांनी हस्तांदोलन केलं. अण्णांना फोन करून हुद्दा बदलल्याचं सांगितलं आणि अण्णा ‘उशिरा का होईना’ म्हणाले. तन्मयने सगळं ऐकलं, “ओके” म्हटलं आणि शिऱ्याची बशी घेऊन आत गेला. आनंद झाला की मुलं कमी बोलतात असं शैलेंद्रने अनुपमाला समजावून सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी प्रॅक्टिस होती. शैलेंद्रबरोबर नाडकर्णीही गेले. आपल्या सल्ल्याचं फळ प्रत्यक्ष पाहायचा त्यांना हक्कच होता. मैदानावर गेल्यावर कळलं की परीक्षांमुळे निम्मी मुलं आलेली नाहीत. डॉसनसाहेबांनी शिट्टी वाजवली आणि कडेला उभ्या असलेल्या बापांकडे बोट केलं. तुम्ही नुसते उभे राहा, ते म्हणाले, कोणी तुम्हाला जोरात धडकणार नाही. तन्मय शेवटचं एकदा रांगेत उभा राहून तुम्हाला दाखवेल.

तर अशी रांग झाली. तन्मय, त्याच्या डाव्या हाताला ऑफिसच्या पॅण्टमध्ये त्याचा बाप, उजव्या हाताला नाडकर्णी. नाडकर्ण्यांनी खिशातलं पेन काढून कडेला ठेवलं होतं आणि ते कोणी पायदळी तुडवेल अशी त्यांना काळजी होती. मागे कोडी. समोर वाकलेली तीन मुलं, दातांवर रबर लावलेली.

“सेट,” मागून कोडी ओरडला. आणि मग, “हट.”

शैलेंद्र बाजूला सरकला.

त्याने ठरवून काही केलं नाही. मागून कोणीतरी हट म्हणालं, म्हणून तो सरकला. पलीकडे नाडकर्णीही सरकले होते. त्यांनी तर हातही बाजूला केला होता, पाहुण्याला आत घेताना करतो तसा. समोरची मुलं त्या वाटेने धावत आत गेली आणि मागे कोडी पडल्याचा ओळखीचा आवाज आला.

“जेण्टलमेन,” डॉसनसाहेब म्हणाले, “यू आर सपोज्ड टू स्टे इन देअर वे.”

“बट ही सेड हट,” नाडकर्णी म्हणाले.

“येस?”

“सो वुई हटेड.”

साहेबांना यातलं काही समजलं नाही. त्यांच्याकडे हट या शब्दाला अर्थच नव्हता. खेळ सुरू करायला काहीतरी ओरडायचं, ते ओरडायचं, एवढंच. शैलेंद्र मात्र त्यांच्याकडे बघत नव्हता. तो तन्मयकडे बघत होता. कारण हट ऐकल्यावर तन्मयही अर्धं पाऊल सरकला होता. लगेच त्याने स्वतःला सावरलं होतं, पाय मागे घेतला होता, पण तोवर समोरचा मुलगा गेला होता. पोराचं तोंड लाल झालं होतं. हे अर्धं पाऊल आजचं नव्हतं. गेल्या सगळ्या शुक्रवारी शैलेंद्रने ते पाहिलं होतं, आणि त्याला वाटत आलं होतं की पोरगा घाबरतो.

परतीच्या वाटेवर नाडकर्णी पेनाचं टोपण सापडत नाही याबद्दल बोलत होते. शैलेंद्रला त्यातलं काही ऐकू आलं नाही. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये आधीच दोन माणसं होती. तन्मय आत पाऊल टाकतो तोच त्यातला एक म्हणाला, “अरे हट यार, जगह नहीं है.” तन्मय जिन्याने गेला. वर दारात खैरुन्निसाबी अनुपमाशी बोलत उभ्या होत्या. “हट बेटा, चप्पल पहनने दे,” त्या लाडाने म्हणाल्या. आत आल्यावर तन्मय पाणी प्यायला फ्रीजपाशी गेला आणि पुन्हा पोळ्यांना लागलेली अनुपमा मान वर न करता म्हणाली, “हट रे तिथून, डबा काढू दे.”

तिघांपैकी कोणीही वाईट बोललं नव्हतं. शैलेंद्र स्वतः सकाळी दाढी करताना आरशापुढून हेच म्हणायचा. लहान जागा आणि मोठं पोर. ते चालायला लागल्यापासून कुणाच्या ना कुणाच्या मध्ये येत होतं, आणि प्रत्येकाने त्याला बाजूला व्हायला सांगितलं होतं, आणि ते गुणी असल्यामुळे बाजूला होत आलं होतं. आता ते इतकं शिकलं होतं की दातांवर रबर लावून, डोक्यावर हेल्मेट घालून उभं केलं तरी त्याच्या पायांना ते विसरता येत नव्हतं. शैलेंद्रला एकदम फार वाईट वाटलं. तो स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

“त्याला हट म्हणू नकोस,” तो म्हणाला.

अनुपमाने लाटणं थांबवलं. “मग काय म्हणू?”

“काही म्हणू नकोस. आपण वळसा घालून जाऊ.”

“ह्या स्वयंपाकघरात? वळसा घालायला मला गॅलरीतून उतरून पुन्हा जिना चढावा लागेल.”

मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला. शैलेंद्रने मैदानावर काय झालं ते सांगितलं. सांगताना तन्मय तिथेच होता, फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये, बाटली हातात धरून. तो बाहेर जायला निघाला तसा शैलेंद्र म्हणाला, “थांब. तू थांब तिथेच.”

तन्मय थांबला.

“शुक्रवारी तुला बॉल मिळणार आहे,” शैलेंद्र म्हणाला. “तुला हवाय ना?”

तन्मय बाटलीच्या झाकणाशी खेळत राहिला. एवढे दिवस या पोराच्या जागेचा विचार बँकेत, ऑफिसात, हैदराबादी स्वयंपाकघरात, कऱ्हाडात आणि जवळजवळ रुवैसमध्येही झाला होता. त्याला मात्र हे कोणी विचारलेलं नव्हतं, आणि त्यामुळे त्याला उत्तर जुळवायला वेळ लागत होता.

“आय डोण्ट वॉण्ट द बॉल, बाबा,” तो म्हणाला. “आय लाइक द लाइन.”

“अरे, पण तिथे तुला...”

“सगळीकडे मी मध्ये येतो,” तन्मय म्हणाला. हे त्याने मराठीत सांगितलं, कदाचित आईलाही नीट कळावं म्हणून. “तिथे मध्ये यायचंच असतं. दॅट्स द जॉब.”

अनुपमाने पदराने तोंड पुसलं आणि तव्यावर पोळी करपली असं म्हणाली. तव्यावर पोळी नव्हती.

गुरुवारी सकाळी शैलेंद्र पुन्हा हेमाच्या टेबलाशी उभा होता. आज लोक जास्त होते. तो मोठ्याने म्हणाला, “हेमा, नीट लिही. मुलगा. फुटबॉल. पोझिशन चेंज नको. त्याची नको, माझीही नको. ॲडमिनला काही पाठवू नकोस.” त्याची लाज वाटायची ताकद गेल्या महिन्यात संपून गेली होती.

डॉसनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. “शे,” ते म्हणाले, “यू आर वेअरिंग मी आउट.” पण हट या शब्दाचा अर्थ कळल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग त्यांनी विचारलं, त्याच्याऐवजी काय ओरडायचं? त्यांच्या गावात आजोबांपासून सगळे हट म्हणत आले होते आणि त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. हा प्रश्न मुलांनी आधीच सोडवला होता. तन्मयने बुधवारी संध्याकाळीच कोडीला फोन केला होता, आणि दुबईत वाढलेल्या कोडीला एक मिनिटही विचार करावा लागला नव्हता. यल्ला म्हटलं की पुढे जायचं, हे त्या मैदानावरच्या प्रत्येक मुलाला, टॅक्सीवाल्याला आणि वाण्याला ठाऊक होतं.

शुक्रवारी अबू धाबीची टीम आली. मुलं तन्मयएवढीच होती आणि संख्येने जास्त होती. नाडकर्ण्यांनी छत्री आणली होती. पहिल्यांदा कोडी “यल्ला” ओरडला तेव्हा अबू धाबीचीही दोन मुलं चुकून पुढे आली आणि पंचांनी शिट्टी मारली. त्यानंतर मैदानावर पुष्कळ काही झालं असावं. लोक ओरडत होते, बॉल कुठेतरी जात होता, नाडकर्णी मध्येच छत्री हलवत होते. शैलेंद्रने त्यातलं काही पाहिलं नाही. त्याने पहिल्यांदाच बॉलकडे बघायचं सोडून दिलं होतं आणि तो एका निळ्या पाठीकडे बघत होता. ती पाठ वाकायची. यल्ला झालं की ती उठायची आणि समोरून येणारा मुलगा त्या पाठीच्या पलीकडे कुठेतरी थांबायचा. पुन्हा वाकायची. पुन्हा थांबायचा. शैलेंद्रच्या मुठी आवळलेल्या होत्या आणि पाय इतके रोवलेले होते की मॅच संपल्यावर त्याला चालता येईना. कोडी त्याच्या जवळून गेला. त्याच्या पॅण्टच्या एका बाजूला गवताचे डाग होते, तन्मयकडच्या बाजूला एकही नव्हता.

घरी आल्यावर तन्मय हॉलमध्ये मधोमध आडवा झाला आणि अनुपमा बोलली नाही, त्याच्या पायांवरून मोठं पाऊल टाकून आत गेली. तेवढ्यात अण्णांचा फोन आला.

“काय झालं मॅचचं?”

शैलेंद्रने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला माहीत नाही. त्याने फोनवर हात ठेवला.

“तन्मय, अरे, जिंकलो का आपण?”

तन्मयने मान वळवून बापाकडे पाहिलं. “बाबा, यू वेअर देअर.”

“होतो रे. मी तुझ्याकडे बघत होतो.”

तन्मयने मान पुन्हा सरळ केली. “हरलो,” तो म्हणाला. “लॉस्ट बाय अ लॉट. दुसऱ्या साइडने सगळे आत आले.”

शैलेंद्रने फोनवरचा हात काढला.

“हरलो, अण्णा,” तो म्हणाला. “पण आपल्या बाजूने कोणी आत आलं नाही.”